दारातला आड
सदर : आमच्या गॅरेजमधून



गेल्या अंकात आम्ही माळ्यावरच्या इन्सुलेशनबद्दल लिहिलं, आणि त्यानंतर तीन घरांतून "एकदा येऊन बघून जा ना" असे फोन आले. तिन्हीकडे जाऊन आलो. एका घरी चहा, दुसऱ्या घरी भजी आणि तिसऱ्या घरी चक्क पुरणपोळी झाली. तेव्हा या सदराचं मानधन आम्हाला पोचलं आहे, संपादकांनी काळजी करू नये.

त्या पुरणपोळीच्या घरीच यजमानांनी हळूच विचारलं, "काय हो, घरच्या चार्जरवर दुसऱ्यांच्या गाड्या चार्ज करू दिल्या तर पैसे मिळतात म्हणे. खरं का?" खरं आहे. पैसे मिळतात, पण थोडे. आणि त्या थोड्या पैशांबरोबर आणखी बरंच काही पदरात पडतं, त्याची हकिगत आज सांगायची आहे.

आमचं घर रेडिंगमधलं, सेमी-डिटॅच्ड, पुढे दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. तीन वर्षांपूर्वी जुन्या पेट्रोल गाडीने मान टाकली, तेव्हा आम्ही विजेवरची गाडी घेतली आणि भिंतीवर सात किलोवॅटचा चार्जर बसवला. गाडी सोडून नुसत्या चार्जरला, बसवण्याच्या मजुरीसकट, १०५० पौंड पडले. आमच्या मागच्या गल्ल्या मात्र जुन्या टेरेस घरांच्या. दार उघडलं की फुटपाथ, आणि गाडी जिथे जागा मिळेल तिथे, कधी दोन गल्ल्या सोडून. अशा घरात राहणाऱ्याने विजेवरची गाडी घेतली तर तिला खायला कुठे घालायचं? रस्त्यावरच्या जलद चार्जरवर युनिटला ७५ पेन्सच्या आसपास मोजावे लागतात. घरच्या विजेवर व्हॅट ५ टक्के, सार्वजनिक चार्जरवर २० टक्के, इथूनच फरक सुरू होतो. म्हणजे ज्याच्या घरापुढे जागा आहे त्याला वीज स्वस्त, आणि ज्याच्याकडे जागा नाही त्याला महाग. आमच्या लहानपणी ज्याच्या घरात नळ त्याला पाणी फुकट आणि ज्याच्या घरात नळ नाही तो टँकरच्या रांगेत, त्यातलाच हा प्रकार.

तर आमच्याकडे पहिले पाहुणे आले ते आपल्या मंडळातलेच एक स्नेही. ते फ्लॅटमध्ये राहतात. दर शनिवारी मुलीला मराठी शाळेत सोडायला यायचे, आणि शाळा आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. "लावा की गाडी आमच्याकडे, त्यात काय!" असं आम्हीच म्हणालो. ते गाडी लावायचे, आत येऊन चहा-पोहे घ्यायचे, आणि तीन तासांनी शाळा आणि बाजार आटोपून गाडी घेऊन जायचे. गप्पा छान व्हायच्या. पण मंडळी, तीन तासांत एकवीस युनिटं जातात. आमचा दिवसाचा दर २८ पेन्स, म्हणजे दर शनिवारी पाच पौंड ८८ पेन्स. असे वीस शनिवार झाले.

विजेचं बिल बघताना आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, वीज म्हणजे काही चहा नव्हे."

"पण सांगायचं कसं?" आम्ही.

"ते इंजिनिअर लोकांनी ठरवावं," असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

खरं सांगतो, आम्हाला ते जमलं नाही. परदेशात येऊन वीस वर्षं झाली, इथे मास्टर्स केलं, ऑफिसात लाखालाखाच्या टेंडरांवर घासाघीस करतो. पण आपल्या माणसाला "एकशे सतरा पौंड झाले" म्हणायला जीभ वळेना. मनात नुसती खुटखूट. शनिवारी दारावरची घंटा वाजली की आधी मीटर आठवायचा आणि मग माणूस. ते स्नेहीही पूर्वीसारखे मोकळे बोलेनात. मग एका शनिवारी ते आले नाहीत. पुढच्याही शनिवारी आले नाहीत. मुलीला दुरून चालवत आणताना आम्हाला खिडकीतून दिसले.

त्याच सुमारास मागच्या गल्लीतल्या एक बाई दार वाजवून उभ्या राहिल्या. केरळच्या, हॉस्पिटलात नर्स, आम्ही त्यांना सिस्टर म्हणतो. चौदा मैलांवरच्या गावात नोकरी. सेकंडहँड विजेची गाडी नुकतीच घेतलेली. दारातच म्हणाल्या, "आठवड्यातून एक रात्र तुमचा चार्जर वापरू द्याल का? पैसे मी देणार. फुकट म्हणालात तर मी येणार नाही." एका वाक्यात त्यांनी आमचा प्रश्न सोडवला, जो आम्हाला पाच महिन्यांत सुटला नव्हता!

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिशेब तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून मांडतो. रात्री साडेबारा ते साडेपाच आम्हाला वीज ८ पेन्सने मिळते. सिस्टरना २० पेन्सचा दर ठरवला. एका रात्रीत तीस युनिटं, म्हणजे त्यांचे सहा पौंड. तीच तीस युनिटं जलद चार्जरवर घेतली तर साडेबावीस पौंड. आमचा खर्च दोन पौंड ४० पेन्स, उरले तीन पौंड ६० पेन्स. वर्षातले ४८ आठवडे धरले तर जमा २८८ पौंड आणि त्यात शिल्लक जवळजवळ १७३. दिवसाच्या विजेवर फारसं काही सुटत नाही. २८ ची वीज ३४ ला दिली तर शनिवारच्या एकवीस युनिटांवर सव्वा पौंड उरतो. शाळेचे ३६ शनिवार धरले तर वर्षाला ४५ पौंड. दोन्ही मिळून शिल्लक २१८ पौंड. चार्जरचे १०५० वसूल व्हायला पावणेपाच वर्षं! यावर कोणी नोकरी सोडू नये.

आता कर. या देशात २०१७ च्या एप्रिलपासून अशा किरकोळ उद्योगाला वर्षाला १००० पौंडांची सूट आहे. मात्र ही मर्यादा एकूण जमेवर आहे, नफ्यावर नाही, आणि तुमचे सगळे जोडधंदे मिळून एकच. आमची जमा साडेपाचशेच्या आत राहते, तेव्हा काळजी नाही. पण तुम्ही शिकवण्या घेत असाल किंवा दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेत असाल, तर सगळं एकत्र मोजायचं. नवऱ्याची सूट वेगळी, बायकोची वेगळी. आमच्या सौ.नी हे ऐकल्याबरोबर चकलीचा साचा बाहेर काढला, ही गोष्ट निराळी.

दर रविवारी सांगलीला वडिलांना फोन असतो. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले. तारेवर आकडे टाकून वीज चोरणाऱ्यांना पकडण्यात त्यांची अर्धी नोकरी गेली. त्यांना ही बातमी सांगितली तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता.

"म्हणजे तू दारात वीज विकणार?"

"विकणार म्हणजे बाबा, चार्जर वापरू देणार."

"वीज विकायला लायसन लागतं. तुझ्याकडे आहे का लायसन? का मी पोरगा शिकवून आकडेवाला केला?"

आम्ही सांगितलं की इथल्या ऑफजेमचा एक नियम आहे, घरगुती वीज दुसऱ्याला दिली तर खरेदीपेक्षा जास्त दर लावता येत नाही. पण गाड्यांच्या चार्जिंगला २०१४ साली त्यातून वगळलं आहे. आणि तिकडेही, एप्रिल २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, त्याला २००३ च्या वीज कायद्याखाली लायसन लागत नाही. बाबांनी ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "बरं. पण मीटर नीट ठेव. मीटर नीट असला की माणसं नीट राहतात."

आम्ही मग मनातली खरी अडचण सांगितली. म्हटलं, "बाबा, आजीने कधी आडाच्या पाण्याचे पैसे घेतले का?"

तासगावकडच्या आमच्या जुन्या घराच्या परसात आड होता. उन्हाळ्यात सगळी आळी तिथे पाण्याला यायची. आजीने कोणाला नाही म्हटल्याचं आम्हाला आठवत नाही, आणि पैशांचा तर विषयच नव्हता. तेच आमच्या डोक्यात बसलेलं. दारात आलेल्याकडून पैसे घ्यायचे म्हणजे आजीच्या नावाला बट्टा, असं काहीतरी.

बाबा हसले. म्हणाले, "पैसे नव्हती घेत, पण दोर कोणाचा असायचा? ज्याचा त्याने आणायचा. आपला दोर ती कोणाला देत नसे, झिजतो म्हणून. आणि दसऱ्याच्या आधी आडातला गाळ काढायला प्रत्येक घरातून एक माणूस यायलाच हवा. जो आला नाही त्याच्या बायकोला दुसऱ्या दिवशी आजी आडावर काय काय ऐकवायची ते तुला कुठे ठाऊक! तू लहान होतास."

हे आम्हाला खरंच ठाऊक नव्हतं. लहानपणी आम्ही फक्त पाणी बघितलं होतं, गाळ बघितला नव्हता. म्हणजे आजीचं पाणी फुकट नव्हतं. त्याची किंमत ठरलेली होती, सगळ्यांना माहीत होती आणि सगळ्यांना सारखी होती. आमच्या चार्जरलाही योगायोगाने स्वतःची केबल नाही. ज्याने त्याने आपल्या डिकीतली आणायची. दोर आपापला!

त्या रात्री आम्ही एक कार्ड लिहून गॅरेजच्या दाराला आतून लावलं. रात्रीचा दर, दिवसाचा दर, केबल आपली, चहा घरचा.

आता फजितीचा भाग. सिस्टर पहिल्यांदा आल्या त्या एका रविवारी रात्री नऊला. गाडी लावली, केबल जोडली, हिरवा दिवा लागला, किल्ली घेऊन त्या घरी गेल्या. आम्ही आमच्या चार्जरची वेळ साडेबाराची लावलेलीच होती. इंजिनिअरचं काम चोख, म्हणून झोपलो.

पहाटे पावणेसहाला घंटा वाजली. दारात सिस्टर, गणवेशात. गाडीत सहा टक्के. रात्रभरात एक युनिटसुद्धा गेलं नव्हतं. सात वाजता त्यांची ड्यूटी, आणि रात्रपाळीची नर्स त्यांची वाट बघणार.

काय झालं होतं ते नंतर कळलं. गाडीच्या आधीच्या मालकाने गाडीतच एक वेळ लावून ठेवली होती, रात्री दहा ते बारा एवढ्यातच चार्ज घ्यायचा. आमचा चार्जर म्हणतो साडेबारानंतर देईन, गाडी म्हणते बारानंतर घेणार नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मध्ये सिस्टर उपाशी. तोपर्यंत त्या फक्त जलद चार्जरवर जात होत्या. तिथे बऱ्याच गाड्या ही वेळ बघतच नाहीत, सरळ चार्ज घेतात. म्हणून ही गोष्ट कधी उघडकीलाच आली नव्हती.

पण हे सगळं नंतर. त्या क्षणी आम्ही पायजम्यावर कोट चढवला आणि आमच्या गाडीने त्यांना चौदा मैल सोडून आलो. पाऊस पडत होता. वाटेत आम्ही तीनदा सॉरी म्हणालो. त्या काहीच बोलेनात, फक्त घड्याळ बघत होत्या. सात वाजायला चार मिनिटं असताना हॉस्पिटलच्या दाराशी पोचलो. उतरताना म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात अठ्ठावीस पेशंट आहेत. मला पैशांचं काही नाही. पण चार्ज होणार नसेल तर मला रात्रीच कळायला हवं."

परत येताना गाडीत एकटेच होतो. फुकट दिलं असतं तर आज "जाऊ दे हो, चालायचंच" म्हणून सुटका झाली असती. पण दर ठरवला म्हणजे शब्द दिला. सहा पौंडांची वीज ती, पण तिच्यावर त्यांची नोकरी आणि तिकडच्या अठ्ठावीस माणसांची सकाळ अवलंबून होती. त्या आठवड्याचे पैसे अर्थातच घेतले नाहीत, आणि दिवसभर ऑफिसात लक्ष लागलं नाही.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी कटाक्षाने करतो, त्या तुम्हीही करा. पाहुण्याची गाडी पहिल्यांदा आली की चार्जर ताबडतोब सुरू करून पाच मिनिटं प्रत्यक्ष वीज जाताना बघायची, मगच रात्रीची वेळ लावायची. हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही. गाडीतली वेळ काढून टाकायची, वेळ एकाच ठिकाणी असावी, चार्जरमध्ये. आणि ठरलेल्या मिनिटाला चार्जिंग सुरू झालं नाही तर लगेच घाबरायचं नाही. २०२२ च्या जूनपासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे घरगुती चार्जर मुद्दाम दहा मिनिटांपर्यंत उशीर करतो. सगळ्या देशाच्या गाड्या एकाच सेकंदाला सुरू झाल्या तर वाहिन्यांवर धक्का बसेल, म्हणून ही सोय. पण अर्ध्या तासाने फोनवर बघायचं, आणि काही बिनसलं असेल तर रात्र कितीही झालेली असो, पाहुण्याला फोन करायचा.

दुसरी गोष्ट मुख्य फ्यूजची. इथल्या घरांत तो ६०, ८० किंवा १०० अँपिअरचा असतो. चार्जर ३२ अँपिअर ओढतो. विजेवरचा शॉवर चाळीस, आणि वर इंडक्शनवर भाजी असली तर आणखी वीस-पंचवीस. बेरीज तुम्हीच करा. म्हणून चांगला इलेक्ट्रिशियन घराचा एकूण भार मोजणारं एक कडं मीटरजवळच्या तारेभोवती बसवतो, आणि घरात भार वाढला की चार्जर आपोआप हात आखडता घेतो. फ्यूज वाचतो, पण पाहुण्याची युनिटं कमी पडतात. दिवाळीच्या शनिवारी आमच्याकडे अनरसे तळले जात असताना आलेल्या गाडीला तीन तासांत जेमतेम बारा युनिटं मिळाली, त्याचं कारण हे. घरात मोठा स्वयंपाक असेल तर आधीच सांगून टाकावं.

तिसरं, घराच्या विमा कंपनीला कळवा आणि उत्तर लेखी घ्या. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारा, लीजचं असेल तर लीज वाचा. वीज कंपनीच्या स्वस्त रात्रीच्या दराच्या अटीही वाचा. काही योजना तुमच्या स्वतःच्या गाडीशी बोलून वेळ ठरवतात, तिथे पाहुण्याची गाडी चालत नाही. आणि मंडळी, साध्या एक्स्टेन्शनच्या वायरीवर, खिडकीतून, कोणाचीही गाडी चार्ज करू देऊ नका, सख्खा भाऊ आला तरी. तासन् तास भार ओढण्यासाठी ती वायर नसते. आग लागली तर ती नाती बघत नाही.

आता उरले आपले शनिवारचे स्नेही.

कार्ड लावल्यावर पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांना फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग एकदम सांगून टाकलं, "आम्ही आता चार्जरचा दर ठरवलाय. दिवसा ३४ पेन्स, सगळ्यांना तोच. तुम्हीही यावं." म्हटल्यावर छाती धडधडत होती, न जाणो माणूस कायमचा दुखावला तर!

पलीकडून मोठ्ठा निःश्वास ऐकू आला. "अहो, सुटलो! दर शनिवारी गाडी लावायची आणि वर पोहे खायचे, मलाच लाज वाटायला लागली होती. पैसे विचारावेत तर तुम्हाला वाईट वाटेल, न विचारावेत तर मला. म्हणून येणंच बंद केलं. हिला सांगितलं, रस्त्यावर चार्ज करतो."

म्हणजे दोन महिने दोन्ही घरांत एकच चर्चा, फक्त भिंती वेगळ्या!

आता ते येतात. जुन्या वीस शनिवारांचा हिशेब त्यांनी विचारला, आम्ही सांगितला नाही. तेवढा मान आजीच्या आडाचा. महिन्याच्या शेवटी ते पैसे पाठवतात, बरोबर पेन्सपर्यंत, आणि आम्ही ते न बघता वहीत लिहितो. पोह्यांचा हिशेब मात्र अजून त्यांच्या बाजूने चढाच आहे. सिस्टर दर रविवारी नऊला येतात. गाडी जोडल्यावर आम्ही दोघंही पाच मिनिटं दारात उभे राहून आकडा पुढे सरकताना बघतो. मग त्या घरी जातात आणि आम्ही दार लावतो. ओणमला त्यांनी पायसम आणून दिलं. ते करपात्र आहे का, हे आम्ही कोणाला विचारलेलं नाही.

वडिलांना परवा फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, "गाळ काढायला कोण येतं?" आम्ही म्हटलं, "त्याचेच तर पैसे घेतो, बाबा." त्यावर ते म्हणाले, "मग ठीक आहे."

पुढच्या अंकात हिवाळ्यातल्या बॉयलरबद्दल. तोपर्यंत कोणाला आपल्या फ्यूजचा आकडा बघून घ्यायचा असेल तर फोन करावा. पुरणपोळीची अट नाही, पण आम्ही नाही म्हणणार नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.